नमुन्याची चिठ्ठी

"नाव न घालता लिहायला दिलंस की माणसं खरं बोलतील असं समजू नकोस," आत्या म्हणाली होती. "माणसं मोकळी बोलतील. खरं आणि मोकळं यांत फार अंतर असतं, बाई."

आत्या चौतीस वर्षं शाळेत होती, शेवटची नऊ मुख्याध्यापिका. तिने एकदा शाळेत तक्रारपेटी लावली आणि आठ दिवसांत स्वतःच्या हाताने उतरवली, हे मला ठाऊक होतं. तरी मी हसले. म्हटलं, "आत्या, आता पेट्या नसतात गं. स्क्रीनवर बोर्ड असतो, त्यावर रंगीत चिठ्ठ्या. सगळं सगळ्यांना दिसतं. लपवाछपवीला जागाच नाही."

"बरं," ती म्हणाली. "तू शिकलेली."

माझा पोटापाण्याचा धंदाच तो. कंपन्यांमध्ये जाऊन मी माणसांना एका खोलीत बसवते, त्यांच्या फोनवर लिंक पाठवते आणि समोरच्या भिंतीवर मोठा पांढरा बोर्ड उघडते. प्रश्न एक, वेळ सात मिनिटं, बोलायचं नाही, फक्त लिहायचं. चिठ्ठीवर नाव येत नाही, त्यामुळे साहेबासमोर एरवी तोंड न उघडणारेही लिहितात. मग एक बटण दाबलं की सारख्या चिठ्ठ्या आपोआप गटागटाने लागतात. गटाला नावसुद्धा बोर्डच देतो. शेवटी प्रत्येकाला तीन ठिपके, पटेल त्या गटावर लावायला. तासाभरात विचारमंथन उरकून निर्णय हातात. मला याचा अभिमान होता. होता, म्हणते आहे.

माझी मुलगी दीड वर्षाची आहे. ती घरापासून चार मिनिटांवरच्या पाळणाघरात जाते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे जाळीचं दार. पाळणाघर चालवतात मॅडम, पण पोरं सांभाळायच्या मावशी. वय साठीला टेकलेलं, एक गुडघा कामातून गेलेला, आणि सतरा वर्षं हेच काम. त्यांनी प्रत्येक पोराला हुद्दा दिला होता. आल्यागेल्याचे खिसे तपासते म्हणून माझी मुलगी इन्स्पेक्टर. कशालाही "नाही" म्हणणारा एक होता, तो वकील. मी काळजीखोर आहे, सकाळी दारातून माझा पाय निघत नाही. मग मावशी म्हणायच्या, "निघा ताई. साहेब ड्युटीवर हजर झाल्यात. तुमचं इथं काय काम?"

तर झालं असं, की पलीकडच्या रस्त्यावर कॅमेरेवालं नवं पाळणाघर निघालं आणि आमच्याकडची दोन कुटुंबं तिकडे गेली. मॅडम घाबरल्या. पालकसभा घ्यायचं ठरलं आणि मी आपणहून पुढे झाले. "मी बोर्डवर घेते ना सभा. फुकट."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कोऱ्या बोर्डासमोर माणसं बुजतात. पहिली चिठ्ठी कोणालाच लावायची नसते. म्हणून आमच्या धंद्यात आधीच चार-पाच नमुन्याच्या चिठ्ठ्या लावून ठेवायची पद्धत आहे. लोकांना वाटतं, कोणीतरी सुरुवात केली. हात सैल होतात. आणि त्यातली एक जरा तिखट ठेवायची, नाहीतर सगळे गोडगोडच लिहितात. हे मला कोणी शिकवलं नाही. ही माझी स्वतःची युक्ती. मी ती नव्या लोकांना शिकवतेसुद्धा.

शनिवारी सकाळी, एका हाताने मुलीला भरवत, मी पाच चिठ्ठ्या लिहिल्या. बूट ठेवायला फळी हवी. खेळणी किती दिवसांनी धुतात? आठवड्याचं जेवण आधी कळावं. एक दिवस गोष्टींचा असावा. आणि तिखट म्हणून पाचवी: दुपारी मुलं झोपल्यावर मावशी फोनवर असतात.

मी हे पाहिलं नव्हतं. कोणाकडून ऐकलंही नव्हतं. डोक्यात शंभर काळज्या घोंघावत असतात, त्यातली हाताला लागली ती पकडली आणि पिवळ्या चौकोनात टाकली. मुलीने चमचा फेकला, मी तो उचलायला वाकले आणि चिठ्ठी विसरून गेले.

सभेला अठरा पालक होते, पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. मावशी आतल्या खोलीत पोरांजवळ. सात मिनिटं नुसता बोटांचा आवाज. पहिल्या मिनिटात बुटांच्या फळीखाली दोन चिठ्ठ्या आल्या. मग पाचव्या चिठ्ठीशेजारी एक आली: "मलाही असंच वाटलं होतं." मग दुसरी: "एकदा बेल वाजवली तर किती वेळ दार उघडलं नाही." तिसरी: "गुडघा खरचटला होता, कोणी सांगितलंच नाही." चौथी, पाचवी, असं करत सात. मी बटण दाबलं. बोर्डाने आठ चिठ्ठ्या एकावर एक रचल्या आणि वर ठळक अक्षरांत नाव दिलं: मावशींचं दुर्लक्ष.

ते शब्द कोणीही लिहिले नव्हते. आठांतल्या एकाही चिठ्ठीत नव्हते.

"बाप रे," जुळ्यांची आई म्हणाली. "म्हणजे मला एकटीलाच वाटत नव्हतं."

"आकडेच बोलतात," दातांचे डॉक्टर म्हणाले. त्यांचा मुलगा म्हणजे तो वकील.

मग ठिपके. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा उचलला ठिपका लावला गटाला. काहींनी तिन्हीच्या तिन्ही तिथेच लावले. एकवीस. बुटांच्या फळीला चार.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं: थांबा, पहिली चिठ्ठी माझी आहे आणि ती खोटी आहे. ओशाळं वाटलं म्हणून गप्प बसले असते तर एक वेळ समजलं असतं. पण कारण ते नव्हतं. सात माणसांनी लिहिलं म्हणजे काहीतरी असणारच, असं मलाच वाटलं. स्वतः रचलेल्या गोष्टीवर मीच विश्वास ठेवला. दोन दिवस माझी मुलगी जरा रडली तरी मी तिचे हातपाय तपासत होते.

सोमवारी अर्धी रजा टाकली आणि दुपारी दोनला पाळणाघराच्या मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. चोरासारखी. पंचवीस मिनिटं. आत अकरा पोरं चटईवर ओळीने झोपलेली. मावशी भिंतीला टेकून, दुखरा पाय लांब सोडून बसलेल्या. एक हात माझ्या मुलीच्या पाठीवर, दुसरा वकिलाच्या पोटावर. मधूनच उठायच्या, जमिनीला तळवा टेकून, दात आवळून, आणि पलीकडच्या पोराची कूस बदलून परत यायच्या. फोन खुंटीवरच्या कापडी पिशवीत होता. बटणांचा जुना फोन, त्याचा कोपरा वर डोकावत होता. त्यावर बघण्यासारखं होतं तरी काय?

मी तशीच मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं.

"अहो, पण मी त्यांना सकाळीच सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवार शेवटचा."

म्हणजे मी पाहिलं ते, काम गेल्याचं कळल्यानंतरचं होतं.

"मॅडम, ती चिठ्ठी नमुन्याची होती. मी मनाने लिहिली होती."

"ती तुमची, मान्य. पण बाकीच्या सात? आग असल्याशिवाय धूर निघतो का?"

"धूर मी केला होता, मॅडम! फुंकणी माझ्या हातात होती!"

"आवाज खाली. पोरं झोपलीत." त्यांनी कपाळाला हात लावला. "हे बघा, तुम्हीच म्हणालात, बोर्ड खोटं बोलत नाही. एकवीस जणांचं मत मी कसं डावलू?"

"एकवीस जण नाहीत. खोलीत अठरा होतो. एकवीस ठिपके."

"तेच ते."

तेच ते नव्हतं. पण त्यांना दोन कुटुंबं परत हवी होती आणि दाखवायला एक कारवाई हवी होती. ती मी ताटात वाढून दिली होती.

घरी नवरा म्हणाला, "आता कशाला अंगावर ओढून घेतेस? होईल त्यांना दुसरं काम." मी म्हटलं, "माझं काम गेलं असतं आणि कोणी असं म्हणालं असतं तर?" तो म्हणाला, "तुझं कामच लोकांना बोलतं करायचं. बोलले की लोक."

मी पालकांच्या ग्रुपवर नाव घालून सगळं लिहिलं. चार अंगठे आले. कोणी लिहिलं, तुमचा प्रामाणिकपणा आवडला. डॉक्टरांनी लिहिलं, प्रक्रियेत त्रुटी असेल पण निर्णय योग्यच झाला. मी जुळ्यांच्या आईला फोन लावला.

"अगं, मी स्वतः पाहिलंय," ती म्हणाली.

"काय पाहिलंस?"

"फोनवर असतात ते."

"बटणांचा फोन आहे तो. काय बघतात त्यावर, वेळ?"

"मग बोलत असतील."

"दुपारी दोनला तू ऑफिसात असतेस. पाहिलंस कुठून?"

ती म्हणाली, "तू माझ्यावर का चिडतेस? लिहिलंस तू."

बरोबर. लिहिलं मी.

खरा संताप पुढचा. बुधवारी कोणीतरी सुचवलं, मावशींना निरोप कसा द्यायचा यावर बोर्ड घेऊया का? छान कल्पना निघतील. आणि घेतला! मला न विचारता, माझाच कोरा बोर्ड वापरून. पोरांच्या हातांचे रंगीत ठसे. फुलांचा गुच्छ. फोटोंचा व्हिडिओ. सुंदर आभारपत्र. सतरा वर्षांचे सतरा फुगे. चौदा चिठ्ठ्या, हौसेने लिहिलेल्या. ज्या माणसाला ढकलून बाहेर काढलं, त्याच्या पाठीवर फुगे बांधायचे. मी पंधरावी लिहिली आणि खाली माझं नाव टाकलं: त्यांना कामावर परत घ्या. बटण दाबल्यावर ती चिठ्ठी कुठल्याच गटात बसली नाही. बोर्डाने ती उचलून कोपऱ्यात, "इतर" मध्ये टाकली. ठिपका एक पडला, माझा.

शुक्रवारी मी गेले नाही. माझ्याच्याने ते फुगे बघवले नसते.

पुढच्या आठवड्यात पत्ता काढून मावशींच्या घरी गेले. पाण्याच्या टाकीमागे, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली. ठशांचा कागद गुंडाळी करून कपाटावर टाकलेला. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वाटलं होतं, शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. निदान दार तोंडावर आपटतील.

मावशींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ताई, लागलं कोणत्या पोराला? तेवढं सांगा."

"कोणालाच नाही, मावशी. मी खोटं लिहिलं. तेच तर सांगतेय."

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणताय. एकवीस जणांनी सांगितलं म्हणे."

"एकवीस जण नव्हते हो. ठिपके होते. फोनवर बोट लावून लावायचे ठिपके."

"एवढी शिकलेली माणसं उगाच कशाला लावतील?" त्या गुडघा चोळत राहिल्या. "माझाच डोळा लागत असेल. बसल्याबसल्या. वय झालं, आपल्याला कळत नाही. एखाद्या पोराचा श्वास कोंडला असता तर?"

"मी पंचवीस मिनिटं खिडकीतून बघत होते. तुम्ही पापणीसुद्धा मिटली नाहीत."

"त्या दिवशी मिटली नसेल."

एवढ्यात शेजारची बाई कडेवर तान्हं घेऊन आली. "जरा धरता का, दोन मिनिटं पाणी भरून येते." मावशींनी दोन्ही हात पाठीमागे नेले. सतरा वर्षं पोरं उचललेले हात. "खाली ठेव त्याला," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात नको."

ती बाई माझ्याकडे बघायला लागली.

मला रडू आलं नाही. डोकं फिरलं. त्या खोलीतल्या अठराही जणांना, मला धरून, तिथे ओळीने उभं करावं आणि म्हणावं, आता लावा ठिपके. सांगा, यातलं तुम्हांला काय पटतं.

त्यानंतर मी तीनदा गेले. त्यांच्या कामासाठी दोन पाळणाघरांशी बोलून ठेवलं होतं. एका ठिकाणच्या बाई तर म्हणाल्या, उद्यापासून पाठवा. पहिल्या खेपेला मावशींनी नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या खेपेला दाराआडूनच म्हणाल्या, "ताई, तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात की मला सगळं परत आठवतं." तिसऱ्या खेपेला आतून आवाजच आला नाही. खालचा सायकलवाला म्हणाला, "आहेत वर. पण चार-चार दिवस उतरत नाहीत. डबा पाठवला तर तसाच परत येतो."

बोर्डाचं काम मी सोडलेलं नाही. सोडलं म्हणून मावशींचा हात पुढे येणार आहे थोडाच? नमुन्याच्या चिठ्ठ्या मात्र बंद केल्या. लोक आता कोऱ्या भिंतीकडे बघत अवघडून बसतात. बसू देत.

हे मी लिहिते आहे ते मला कोणी माफ करावं म्हणून नव्हे. मी त्या दारात उभी राहून उपयोग नाही. जे माझ्या तोंडून खोटं वाटतं, ते तुमच्या तोंडून कदाचित खरं वाटेल. सतरा वर्षांत दीडदोनशे पोरं त्यांच्या हाताखालून गेली असतील. त्यातली थोरली आता कॉलेजात असतील. तुमचं मूल त्यातलं असेल, किंवा तुम्ही स्वतःच त्यातले असाल, तर जा. पाण्याच्या टाकीमागे, सायकल दुरुस्तीच्या वर. हाका मारा, नाव सांगा, कोणत्या साली त्यांच्याकडे होता ते सांगा. फुलं नेऊ नका. काही विचारू नका, समजूत तर मुळीच घालू नका. नुसतं बसा, आणि त्यांनी दोन घास खाल्ले का ते डोळ्यांनी बघा. बघून झालं की मला कळवा.