कोपरा नऊ

कोपरा ९

सोमवारी सकाळीही होतीच. करंगळीएवढी, ओली, दोन भिंती मिळतात त्या बेचक्यात नेमकी. वेंडेल कोसिकी हातात कॉफीचा कप धरून तिच्याकडे बघत राहिला. मग कप ठेवला, कागदी रुमालांची गुंडाळी आणि व्हिनेगरची बाटली आणली, आणि सदुसष्ट वर्षांचे गुडघे टेकून पुसायला बसला. एकदा पाण्यानं, दोनदा व्हिनेगरनं, परत पाण्यानं. एकतीस वर्षं त्यानं टोलीडोच्या कारखान्यात गाड्यांच्या काचा तपासल्या होत्या. डाग त्याच्या नजरेतून सुटत नसे.

या कोपऱ्यात दुसरं काहीच नव्हतं. खुर्ची नाही, दिवा नाही. चार महिने इथं हॉस्पिटलचा वरखाली होणारा पलंग होता आणि पलंगावर त्याची बायको आर्लीन होती. फेब्रुवारीच्या अकरा तारखेला ती इथंच गेली. दुसऱ्या दिवशी दोन माणसं येऊन पलंग घेऊन गेली. गालिच्यात चाकांचे चार खळगे तेवढे राहिले. वेंडेलनं त्यावरून झाडूही जपून फिरवला होता. मुलीनं, कॉलीननं, मध्ये एक कुंडी आणून तिथं ठेवली, ती त्यानं त्याच दिवशी मागच्या पायरीवर नेऊन ठेवली.

आणि ही दोघं रोज तिथं जाऊन शी करत होती.

ही दोघं म्हणजे आर्लीनची फेरेटं. लांबुळकी, मुंगसासारखी, दिवसातले सोळा तास झोपणारी. क्लुस्का सात वर्षांची, पांढरी, मागच्या पायांनी हल्ली जरा लटपटणारी. ड्यूक तीन वर्षांचा, तपकिरी, तोंडावर काळा पट्टा. आर्लीन होती तोवर दोघंही तिच्या पांघरुणात, तिच्या पोटाशी झोपायची आणि शी करायला आपापल्या ट्रेमध्ये जायची. ती गेल्यावर पंधरा दिवसांत हे सुरू झालं.

वेंडेलला हा अपमान वाटत होता. कुणाचा, ते त्याला नीट सांगता आलं नसतं.


फोनवर, आधीच्या रविवारी

"डॅड, मागच्या खेपेला बाळाच्या तळहाताला शी लागली होती. हात तोंडात जाणार होता."

"गेला तर नाही ना?"

"पुढच्या वेळी जाईल. रांगतं पोर आहे ते. हे बघ, ईस्टरला आम्ही येऊ तेव्हा त्या घरात एक तर ती दोघं असतील, नाहीतर आम्ही असू."

"ती तुझ्या आईची आहेत, कॉलीन."

"आई कुठंय?"

मग कॉलीन नाक ओढत म्हणाली, की शनिवारी बारापर्यंत आम्ही पोचतो, मी हॅम आणते, तू काही करू नकोस.

पण एक गोष्ट त्याला करावीच लागणार होती, या दोघांना कुठंतरी पाठवायचं. आणि आर्लीननं तर एकच गोष्ट मागितली होती. जानेवारीत कधीतरी, दुपारी, पलंगावरून तिनं हाक मारून सांगितलं होतं: यांना कुठं पाठवू नकोस, वेन, तुला सोबत होईल. तो तेव्हा भांडी घासत होता. नळ चालू होता. तो तिथूनच 'बरं' म्हणाला होता.


कोपरे १ ते ८, आणि १० ते १४

डोरीन म्हणजे जिच्याकडून आर्लीननं दोघांना आणलं ती बाई. लोकांनी टाकलेली फेरेटं ती आपल्या तळघरात सांभाळते, या घडीला तेवीस. वेंडेलनं मंगळवारी तिला फोन केला तो, शनिवारी दहाला येऊन घेऊन जा, एवढं सांगायला. तिनं 'बरं, येते' म्हटलं आणि लगेच विचारलं, की तोवर चार दिवस आहेत, प्रयत्न करून बघणार का?

तिनं सांगितलं ते असं. फेरेट कोपरा बघतं, त्यात पाठ घालतं, शेपूट वर करतं. त्याला ट्रे कळत नाही, कोपरा कळतो. तेव्हा आधी घरातले कोपरे मोज.

वेंडेलनं कॅलेंडरच्या मार्चच्या पानामागे घराचा नकाशा काढला. जुनी सवय, पट्टी घेऊन काढला. चौदा कोपरे निघाले. आकडे टाकले. एक आणि दोन स्वयंपाकघरात, सातवा न्हाणीघराच्या दारामागे, अकरावा आणि बारावा कॉलीनच्या जुन्या खोलीत. बाजारातून सात ट्रे आणले, त्यांत पसरायला दाबलेल्या भुशाच्या लाकडी गोळ्यांची दोन पोती आणली. जिथं ट्रे बसत नव्हता तिथं खाण्याच्या वाट्या ठेवल्या, कारण जिथं खातात तिथं घाण करत नाहीत.

बुधवारी सगळे ट्रे कोरडे. नववा कोपरा ओला.

"तू ट्रे कसे धुतोस?" डोरीननं फोनवर विचारलं.

"गरम पाण्यानं. ब्लीच घालून."

"अरे देवा. अरे, थोडी घाण ठेवायची असते त्यात. एक लेंडी तरी. त्यांना वासानं कळतं की हा संडास आहे. तू रोज चकचकीत करतोस, त्यांना वाटतं हे काय नवीनच आलं. आर्लीन ठेवायची की."

वेंडेलला ते माहीत नव्हतं. आठ वर्षं तो आर्लीनला म्हणत आला होता की ट्रे नीट धुतच नाहीस, मागे राहतं बघ. ती हसून 'राहू दे' म्हणायची. तो तिच्या मागून जाऊन पुन्हा धुवायचा का? नाही. तेवढं केलं नाही. त्यातल्या त्यात बरं वाटलं.

त्यानं प्रत्येक ट्रेमध्ये चिमट्यानं एकेक लेंडी ठेवली. हसू यावं असं काम होतं. गुरुवारी तिसऱ्या आणि सातव्या कोपऱ्यातले ट्रे वापरलेले निघाले. ड्यूकचं काम. क्लुस्काचं मात्र नवव्यातच.


कोपरा ९, फोनवर

"मग त्या कोपऱ्यातच एक ट्रे ठेव," डोरीन म्हणाली. "तिनं निवडलाय तो. म्हातारी झालीय, ऐकणार नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

"तिथं नाही ठेवणार."

"का?"

"तिथं आर्लीन गेली."

डोरीनच्या तळघरात मागे कुणीतरी पिंजऱ्याच्या गजांवर नखं घासत होतं.

मग ती हळू म्हणाली, की याला अजून एक उपाय आहे. झोपतात तिथं ती घाण करत नाहीत. आर्लीनजवळ झोपायची तेव्हा तिच्या अंगावरचं काहीतरी असेल, शाल, गाऊन. न धुतलेलं. ते तिथं टाक. तिचा वास आला की क्लुस्का तिथं झोपेल, आणि झोपली की प्रश्न मिटला.

वेंडेल म्हणाला, की सगळं धुतलंय.

"सगळं?"

"दुसऱ्या दिवशीच. मला सुचत नव्हतं दुसरं काय करायचं."


खुर्ची

खिडकीपाशी वेंडेलची आरामखुर्ची. पाय वर येणारी, पाठ मागे जाणारी, म्हणजे एके काळची. फेरेटं खुर्चीच्या पोटात शिरून झोपतात आणि वर कुणी पाठ मागे करायचा दांडा ओढला की लोखंडी सांगाड्यात चिरडली जातात. दोघं यायच्या आधी आर्लीनची एक जोडी होती, त्यातलं पहिलं फेरेट तसंच गेलं, आणि दांडा वेंडेलनं ओढला होता. दुसऱ्या दिवशी आर्लीननं पाना घेऊन दांडा काढून टाकला आणि सांगाडा तारेनं बांधला. तेव्हापासून त्या खुर्चीत ताठ बसावं लागे. वेंडेलनं कधी तक्रार केली नाही असं नाही. पुष्कळ केली.

शुक्रवारी दुपारी टीव्हीचा रिमोट सापडेना. त्यानं खुर्ची कलती केली आणि तळाच्या फाटक्या कापडातून हात घातला.

रिमोट. चमचा. त्याचाच एक मोजा. गॅरेजची किल्ली, जिच्यासाठी त्यानं डिसेंबरात आर्लीनला बोल लावला होता. औषधाच्या बाटलीचं झाकण. आणि सगळ्यात आत, मऊ, घट्ट गोळा होऊन बसलेली करड्या लोकरीची टोपी.

केस गेल्यावर आर्लीन हीच घालायची. ख्रिसमसनंतर कुठं हरवली म्हणून त्यानं तिला दुसरी आणून दिली होती. हरवली नव्हती. क्लुस्कानं पळवली होती.

त्यानं ती नाकाशी नेली. आधी फेरेटांचा उग्र, जुन्या मधासारखा वास आला. मग त्याच्या खाली ती होती. हाताला लावायची ते मलम, आणि मानेजवळचा घाम. वेंडेल खुर्चीपाशी जमिनीवर बसून राहिला. बाहेर शेजाऱ्याचं कुंपण होतं, उजेड होता, दुपार होती.

त्यानं स्वयंपाकघरातून झिप असलेली प्लास्टिकची पिशवी आणली. टोपी आत घातली. झिप अर्धी ओढली.

उद्या दहा वाजता डोरीन.

टोपी पिशवीत राहिली तर वास टिकेल, सहा महिने, कदाचित वर्ष. कोपऱ्यात टाकली तर आठवड्यात फेरेटांचीच होऊन जाईल. त्यानं झिप उघडली, बंद केली, उघडली. मग उठला आणि चार खळग्यांच्या बरोबर मध्ये टोपी ठेवली.

क्लुस्का आली. वास घेतला. टोपी दातांत धरली आणि मागे मागे सरकत, मागचे पाय दर दोन पावलांना बसत असताना, सगळी खोली ओलांडून खुर्चीखाली घेऊन गेली.

वेंडेलनं परत काढून कोपऱ्यात ठेवली. तिनं परत नेली. या वेळी मध्येच थांबली, कुशीवर पडून धापा टाकल्या, पण तोंडातली लोकर सोडली नाही.

तिसऱ्यांदा त्यानं उचलली नाही. टोपी नेल्यावर म्हातारी पुन्हा बाहेर आली, नवव्या कोपऱ्याकडे गेली, वळली, पाठ आत घातली आणि शेपूट वर केली. तो बघत होता आणि तीही त्याच्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर काही नव्हतं, राग नाही, खोडी नाही. तिला फक्त एक मोकळा, घासलेला, कुणी न झोपणारा कोपरा सापडला होता.

तो रोज घासत होता आणि मोकळा ठेवत होता. सात आठवडे तो तिला संडास बांधून देत होता.


कोपरा ९, आतून

शनिवारी सकाळी आठला त्यानं खुर्ची ओढायला घेतली. जड होती, आणि पोटात दोघं झोपली होती म्हणून तिरकी करता येईना. इंच इंच सरकवली. तासभर गेला. खुर्चीचे पाय दोन खळग्यांवर बसले, उरलेले दोन तिच्या झालरीखाली गेले. कोपरा राहिला नाही.

मग दम लागला म्हणून तिच्यातच बसला.

त्यानं इतकी वर्षं ही खोली खिडकीपासून पाहिली होती. इथून ती वेगळी होती. रस्ता दिसत नव्हता. टीव्ही भिंतीच्या कोपऱ्याआड जात होता. चार महिने रोज संध्याकाळी त्यानं टीव्ही लावला होता, तुला दिसतंय ना म्हणून विचारलं होतं, आणि ती 'हो' म्हणाली होती.

इथून फक्त स्वयंपाकघराचं दार दिसत होतं, दारातून बेसिन, आणि बेसिनसमोर एका माणसापुरती जागा.

तिथं तो उभा असायचा. जेवणानंतर, औषधांनंतर, नर्स येऊन गेल्यावर. घासलेली भांडी परत घासत. नळ सोडून ठेवत, म्हणजे पलंगाकडचं काही ऐकू येऊ नये. त्याला वाटायचं, तो तिच्या नजरेआड आहे.

चार महिने तिनं त्याची पाठ बघितली होती. दुसरं काही बघायलाच नव्हतं.

दहाला डोरीनची व्हॅन आली. त्यानं बसल्या जागेवरून, दार उघडं आहे, असं सांगितलं. ती दोन रिकामे पिंजरे घेऊन आत आली, खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"कुठंयत?"

"खाली. झोपलीत."

"आज केली नाही तिथं?"

"आता तिथं जागाच नाही."

डोरीननं वाकून झालरीखाली पाहिलं. हात घातला नाही. पिंजरे दाराबाहेर नेऊन ठेवले. कॉलीन काय म्हणेल ते तिनं विचारलं नाही, आणि त्यालाही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या ट्रेच्या कडेबाहेर एक लेंडी पडलेली होती, ती डोरीननं बोलता बोलता कागदानं उचलली आणि ट्रेमध्ये टाकली. मग, तुझी कॉफी थंड झालीय, दुसरी करते, म्हणून ती आत गेली. बेसिनशी उभी राहिली. नळ सोडला.

"डोरीन," वेंडेल म्हणाला.

तिला ऐकू आलं नाही.

"डोरीन. तिथं उभी राहू नकोस. इकडं ये."

तिनं नळ बंद केला आणि ओल्या हातांनी दारात आली. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. ती गालिच्यावर बसली, त्याच्या पायांशी, आणि खुर्चीच्या पोटातून काहीतरी अगदी हळू घोरत होतं ते दोघं ऐकत राहिले.