वाळूखालची फरशी

साहेब, तुम्ही माझ्या सासूची जागा चोरली. 'चोरली' हा शब्द जड वाटत असेल तर हलका तुम्हीच शोधा, तुमच्याकडे शब्द शोधणारी माणसं पगारावर आहेत. मी शाळा नववीत सोडली. मला हाच येतो.

नदीकाठी बुधवारी बाजार भरतो, तिथे माझी सासू सिंधुबाई भाजी विकते. मी तिला आत्या म्हणते, आमच्यात सुना सासूला तसंच म्हणतात. मखमलाबादच्या वरच्या अंगाला आमचं रान आहे. मेथी, शेपू, कोथिंबीर आणि दसऱ्याला झेंडू. मंगळवारी संध्याकाळी जुड्या बांधायच्या, पहाटे छोट्या हत्तीत, म्हणजे टेम्पोत, भरायच्या आणि उजाडायच्या आत काठावर. लग्न होऊन आली तेव्हापासून आत्या हेच करते.

तिची जागा म्हणजे पुलाच्या खांबासमोरची एक फरशी. तिचा एक कोपरा तुटलेला आहे आणि त्या खळग्यात भाजीवर शिंपडायच्या पाण्याचा तांब्या बरोब्बर बसतो. गिऱ्हाईक तिला नावानं ओळखत नाही, फरशीनं ओळखतं. खांबासमोरची मेथी घेऊन ये, असं सांगून लोक पोरांना पाठवतात. जागा हलली तर आत्याही त्यांच्यासाठी संपली.

त्या जागेचा कायदा तुमच्या पुस्तकात नाही, बायांच्या तोंडात आहे. लागोपाठ दोन बुधवार खाडा पडला की फरशी मोकळी. मग वाट बघणारी बाई तिथं गोणपाट टाकते आणि कुणी चकार शब्द काढत नाही. माफी दोनच गोष्टींना, सुतक आणि बाळंतपण. ज्या वर्षी मोठा पूर आला त्या वर्षी नदी फरशांवरून वाहत होती. तेव्हा आत्या पदर खोचून पाण्याच्या कडेला उभी राहायची, हातात एक जुडी धरून, दिवे लागेपर्यंत. विक्री काही नाही, पण हजेरी लागली. ज्या बाया घरी थांबल्या त्या आज मुतारीच्या भिंतीला लागून बसतात. सखुबाई त्यातलीच. तेव्हापासून तिचा डोळा आत्याच्या फरशीवर आहे. मी तिला नावं ठेवत नाही. तिच्या जागी आत्या असती तर तिनंही तेच केलं असतं.

मग तुम्ही समुद्र आणलात.

एका बुधवारी भरलेली गाडी घेऊन आम्ही आलो तर काठाला पत्रे ठोकलेले. आत ट्रकनं वाळू ओतलेली, कुंड्यांतली नारळाची झाडं दोऱ्यांनी ताणून उभी केलेली. कमानीवर लिहिलं होतं, 'सागरी रस्ता. निवांत फिरा, खरेदी करा, चाखा कोकण, आपल्या नाशकात.' भाजीवाल्यांना आठवडाभर आधी कळवलंय, असं रखवालदार म्हणाला. कुणाला कळवलं ते त्यालाही माहीत नव्हतं. काही बाया वरच्या रस्त्याकडेला बसल्या, त्यांना तिथूनही उठवलं. आमची मेथी जनावरांना गेली.

तो पहिला खाडा.

रस्ताच बंद होता तर खाडा कसला, हे मी आत्याला आठवडाभर समजावलं. माझा नवरा शेखरनंही समजावलं. ती एकच बोलायची, पुरात पण सगळ्यांचंच बंद होतं.

दुसऱ्या बुधवारी तुमचा समुद्र चालूच होता. भाजीची पाटी घेऊन कुणाला आत सोडत नव्हते, पण फिरायला आलेल्या माणसाला मज्जाव नव्हता. आत्यानं पहाटे उठून वणीच्या गडावर जाताना नेसते ती जांभळी साडी काढली. मला म्हणाली, तूही चांगली नेस, आपण हिंडाया चाललोय. पिशवीत तिनं मेथीची एक जुडी ठेवली. मालाशिवाय बसणं हे बसणं नाही, हाही कायदाच. शेखर म्हणाला, लोक हसतील, आणि आम्हाला द्वारकेच्या चौकात सोडून निघून गेला. तिथून आम्ही रिक्षा केली.

कमानीत पिशवी तपासली. भाजी कशाला, असं विचारलं तर आत्या म्हणाली, घरी न्यायचीय. खोटं नव्हतं.

आत गेल्यावर तिनं दुकानांकडे बघितलंच नाही. पुलाचा खांब नजरेत धरला, वहाण काढून हातात घेतली आणि अंगठ्यानं वाळू उकरत हळूहळू सरकत गेली. आजूबाजूची माणसं फोटो काढत होती. एका जागी ती थांबली. पाय तसाच वाळूत ठेवून म्हणाली, "घावला कोपरा."

त्या कोपऱ्यावर टेबल होतं, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि रंगीत छत्री. मागच्या स्टॉलवर मोठ्या सुरमईचं चित्र. आत्याच्या गळ्यात तुळशीची माळ. ती खुर्चीत बसली, मेथीची जुडी टेबलावर मांडली, आणि कुणी गिऱ्हाईक येईल तशी समोर बघू लागली.

स्टॉल चालवणारी प्रतिभा म्हणून एक बाई आली, फुलाफुलांचा शर्ट घातलेली. बोलायला गोड. टेबल खाणाऱ्यांसाठी आहे, तिनं सांगितलं, काही घेतलं तर खुशाल बसा. आत्यानं दोन शहाळी सांगितली. शहाळी संपली की प्रतिभा पुन्हा येणार हे आम्हाला कळलं होतं, म्हणून मग आत्या पीतच राहिली. घोट घ्यायचा आणि नळी चावत बसायचं.

साहेब, तुमच्या कमानीवर लिहिलंय तसा निवांत दिवस माझ्या आयुष्यात तो एकच आला, आणि तो मी असा काढला. शहाळ्यानंतर सोलकढी. त्यानंतर कांदाभजी, कारण माशाशिवाय तिथं तेवढंच होतं, आणि आत्यानं आधी विचारून घेतलं की कढई वेगळी आहे ना. भजी इतकी हळू खाताना मी माणूस पाहिलेलं नाही. एका भज्याचे ती चार तुकडे करायची आणि मध्येच मेथीवर पाण्याचे थेंब शिंपडायची, पाणी प्यायच्या पेल्यातून. शेजारच्या टेबलावरचे लोक आमच्याकडे बघून कौतुकानं हसले. आजी मजेत आहे, असं त्यांना वाटलं असणार.

सगळीकडे लाटांचा आवाज लावलेला. आत्या बराच वेळ ऐकत होती.

"समुद्र असाच एकसारखा बोंबलतो का गं?"

"स्पीकर आहे तो, आत्या."

"ते कळतंय मला. खरा पण असाच का, ते इचारते."

आमच्या दोघींपैकी कुणी समुद्र पाहिलेला नाही.

दुपारी छत्रीची सावली सरकली आणि ऊन आत्याच्या डोक्यावर आलं. खुर्ची सरकवा म्हटलं तर नाही, फरशी सुटते. मग मी दुकानांच्या रांगेत गेले. शिंपल्यांचे आरसे, नारळाच्या करवंटीचे दिवे, किल्ल्या अडकवायच्या होडीच्या आकाराच्या पट्ट्या. मी गवती टोपी घेतली, रुंद काठाची, समुद्रावर घालतात तसली. परत येऊन आत्याच्या पदरावरून चढवली. ती म्हणाली, हिच्यात अंडी ठेवता येतील.

तेवढ्यात सखुबाई आली. तीसुद्धा ठेवणीतली साडी नेसून. टेबलासमोर उभी राहून तिनं आत्याला टोपीपासून पायापर्यंत बघितलं.

"समुद्राला आलीस व्हय?"

"आले. आन् तू?"

"तू हायेस का नाय, ते बघाया आले."

"हाय. बघ."

सखुबाईनं पायानं वाळू बाजूला केली, वाकून कोपरा बघितला, मग मेथी बघितली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. निराशा होती आणि थोडा आदरही. आत्यानं माझी खुर्ची तिच्याकडे ढकलली. ती खुर्ची आत्याच्या नाही, शेजारच्या फरशीवर होती, म्हणून चाललं. मी वाळूत बसले. प्रतिभाला आणखी एक शहाळं सांगितलं. दोघी म्हाताऱ्या मग शहाळ्याच्या भावावरून तिच्याशी वाद घालत बसल्या, आणि मला वाटलं, बाजार भरलाय.

त्याच सुमाराला तुमचा फोटोवाला आला. गळ्यात ओळखपत्र, बोलायला तोही गोड. आजी कुठल्या, काय करता, असं त्यानं विचारलं. आत्यानं खरं ते सांगितलं, इथंच भाजी विकते, ही माझी जागा. तो एकदम खूश झाला. टोपी सरळ करा म्हणाला, शहाळं वर धरा म्हणाला, ती भाजी जरा खाली ठेवा म्हणाला. आत्यानं जुडी टेबलाखाली मांडीवर घेतली, देठ मुठीत घट्ट धरून. हसा म्हटल्यावर ती हसली नाही. सखुबाई हळूच पुटपुटली, "नवरीसारखी दिसतीस, आता उखाणा घे," तेव्हा मात्र खळखळून हसली. फोटो तो निघाला.

संध्याकाळी तुमच्या रंगीत माळा पेटल्या. दिवे लागले. सखुबाई उठली, पदर सावरला. बाजारात दिवे लागताना शेजारणींनी एकमेकींची हजेरी मोठ्यानं सांगायची असते. तिथं तर ऐकायला एकही भाजीवाली नव्हती. तरी ती त्या गर्दीत उभी राहून म्हणाली, "सिंधु बसली. मी पायलं."

आत्यानं डोळे मिटून घेतले. दिवसभर तिचे खांदे ताठ होते, ते मी खाली येताना पाहिले. जागा वाचली होती.

आणि मग स्टेजवर तुम्ही आलात.

तुम्ही म्हणालात की नाशिककरांनी भरभरून प्रेम दिलं. हा सागरी रस्ता आता दहा दिवसांचा राहणार नाही, कायमचा करणार. तुम्ही म्हणालात, काही लोक उगाच विरोध करतात, पण इथं पिढ्यान् पिढ्या बसणाऱ्या आमच्या भाजीवाल्या मायमाऊल्यासुद्धा आज किती आनंदात आहेत ते बघा. तुमच्या मागच्या पडद्यावर आत्या आली, घराएवढी. गवती टोपी, हातात शहाळं, तोंडभर हसू. टेबलाखालची मेथी त्यात नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आधी ती आपलाच चेहरा एवढा मोठा बघून लाजली. मग तुमचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं. ती माझ्याकडे वळली.

"मी बसले म्हनून?"

मी तिच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली.

"म्हंजे मी आले नसते, तर?"

तिनं जागा राखायचा जो एकच रस्ता आयुष्यभर धरला, त्याच रस्त्यानं तुम्ही तिची जागा नेली. हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगू? सखुबाई मात्र तिथंच उभी होती. ती आत्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, फरशी तुझीच, खाडा नाय. वाळूखालच्या फरशीबद्दल ती हे बोलत होती, आणि अगदी मनापासून.

साहेब, मी आत्याला घेऊन तुमच्या दारात गेले होते. माहिती घेऊन सांगतो, असं मला तीन वेगवेगळ्या टेबलांवर सांगितलं. तो फोटो आता तुमच्या फलकांवर लागलाय, म्हणून एका टेबलावरच्या माणसानं आत्याला ओळखलं. फलकावरच्या आजी ना, असं म्हणत उठून उभा राहिला आणि तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही. खुर्चीवर बसायचं आता तिला भय वाटतं. कुठं बसलं की काय होईल, हे तिला कळेनासं झालंय.

आज मंगळवार आहे. द्वारकेच्या चौकात तुमच्या फलकावर ती शहाळं घेऊन हसते आहे आणि इथं ओट्यावर बसून जुड्या बांधते आहे. बांधू नका म्हटलं तर ऐकत नाही. उद्या मेथीनं पाटी भरलेली असेल, गाडी दारात असेल, आणि ती मला विचारेल. मला तिला काहीतरी सांगायचं आहे. माहिती घेऊन सांगतो, हे नको.

सिंधुबाईनं उद्या पाटी कुठं उतरवायची? जागा सांगा.