टाकीतले दोन मासे

रत्नानं जाळ्याचा गुंता मांडीवर ओढला तशी ती खरबरीत पाठ हाताला लागली. सकर मासा. काळा, अंगभर पट्टे, काटे जाळ्यात रुतलेले. सकाळपासूनचा हा अकरावा. जाळ्यात रोहू-कटला औषधापुरता नाही, आणि ही काचेच्या टाकीतली पैदास मात्र धरणभर.

"कुण्या शहाण्यानं सोडली ही ब्याद, घावला पायजे एकदा," शेजारी फाटकं जाळं विणत बसलेला गोरख म्हणाला. तो मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. सापडलेला सकर पाण्यात परत सोडायचा नाही, काठावर टाकायचा, हा नियम त्याचाच.

सहा वर्षांपूर्वी लेक हर्षाली गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला बुद्धवंदना झाली, जेवणं उठली, आणि लेकीच्या टाकीतले दोन मासे रत्नानं ह्याच पाण्यात सोडले. जीवदानाचं पुण्य लेकीला पोचेल, एवढंच डोक्यात. दुकानदार तर म्हणाला होता, हे बाहेर जगत नसतात. जगले की. त्याचा आनंद मानावा की राग धरावा, तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

"मीच सोडल्यात, भाऊ," चहा मागावा तशा आवाजात ती म्हणाली. "दोन व्हते. हर्षालीचे."

गोरखनं सुई खाली ठेवली.

"वैनी..." एवढंच तो म्हणाला आणि पाठ फिरवून बसला.

मागं हे ऐकत असलेला तिचा नवरा राजरत्न कात्री घेऊन आला. धागा तुटला तरी दिवसभर पुटपुटणारा माणूस. सकर अडकला की काटे मोडून ओरबाडून काढायचा. आज त्यानं नवंकोरं जाळंच हातभर कापलं आणि धडधाकट मासा तिच्या ओंजळीत दिला.

"जा, सोड," तो हळू म्हणाला. "गोरख न्हाई बगत."

रत्ना घोटाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. बराच वेळ. मग माघारी आली, मासा काठावर बाकीच्या दहांशेजारी ठेवला आणि तिथंच बसली.

सकर पाण्याबाहेरही लवकर मरत नाही. तासन्‌तास तोंड हलवत राहतो. मंचरच्या दवाखान्यात त्या दिवशी ती चिठ्ठी घेऊन खाली औषधाला गेली होती. वर आली तोवर हर्षालीच्या तोंडावर चादर ओढलेली.

"चल, दोन घास खाऊन घे," राजरत्न म्हणाला.

"तुमी व्हा म्होरं. ह्याचं व्हऊ द्या."

ऊन चढलं तसा तिनं कमरेला खोचलेला पदर सोडला आणि माशावर सावली धरली.