एकाहत्तर

सुप्रियानं सरांच्या पाठीमागे हात घालून शिशाच्या एप्रनची पट्टी सोडवली. एक्स-रेपासून बचाव म्हणून घालायचं ते ओझं खांद्यावरून उतरताच सरांनी भिंतीला हात टेकला आणि डोळे मिटले. डॉ. उदय कानडखेडकर, हाडांच्या विभागाचे प्रमुख. तीस वर्षं लोकांच्या पाठी सरळ केल्या आणि त्यांची स्वतःचीच पाठ गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

कोपऱ्यात शोभा सिस्टर रजिस्टर भरत होत्या. पेशंट: उमाजी, अंबरपेठ. ऑपरेशन: मांडीचं हाड. सर्जन: डॉ. कानडखेडकर. मदतनीस: डॉ. सुप्रिया. कुणाला विचारायची गरजच नव्हती. दोन वर्षं हेच चाललं होतं. सर पहिला छेद घेत, दहा मिनिटांत त्यांची पाठ धरे, मग ते स्टुलावर बसत आणि उरलेलं सगळं सुप्रिया करी. स्टुलावरून ते फक्त बोलत, "घाई नक्को. आधी नीट बघून घे." ती जे काही शिकली, ते त्या स्टुलावरच्या बोलण्यातून.

"सर, ते पत्र," ती म्हणाली. "आज पाचपर्यंत पाठवायचंय."

"लिहून आणलंस?"

"हौ."

शिफारसपत्र ज्याचं त्यानं लिहून आणायचं आणि सरांनी खाली सही करायची, ही इथली रीत. कोइमतूरला वर्षभराची फेलोशिप होती, अवघड फ्रॅक्चर शिकवणारी. जागा चार. किमान पन्नास ऑपरेशनं स्वतःच्या हातानं केलेली हवीत आणि तसं प्रमुखांनी लिहून द्यायला हवं. वयाच्या अटीत बसायचं सुप्रियाचं हे शेवटचं वर्ष.

सर उभ्यानंच वाचू लागले.

"स्वतः केलेली, नऊ." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नऊच असतील तर अर्ज कशाला करू लागलीस?"

खरा आकडा तिनं काल तीनदा लिहून तीनदा खोडला होता. तो लिहिला, की कुणीतरी विचारणारच, मग प्रमुख काय करत होते? सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तिनं स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला होता, आणि त्याचा राग मात्र तिला सरांचा येत होता.

"रजिस्टरात तेवढीच आहेत, सर. तुम्ही सुट्टीवर होतात तेव्हाची."

"उमाजीच्या मांडीत सळई कुणी घातली?"

"तुम्ही होतात की."

"मी बसलो होतो."

त्यांनी शोभा सिस्टरांचं पेन मागून घेतलं, नऊ खोडलं आणि वर लिहिलं, एकाहत्तर.

"उमाजी धरून," ते म्हणाले. "मी मोजत आलोय."

सुप्रियानं तो आकडा पाहिला. तिच्या मोजणीतही तेवढीच होती.

"मग इतके दिवस बोलला नाहीत, सर?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"तू गेलीस की माझं ऑपरेशन करणं संपलं. म्हणून नाही बोललो."

त्यांनी सही केली आणि कागद तिच्या हातात दिला.

आतून पुढच्या पेशंटला टेबलावर घेतल्याचा आवाज आला. सरांनी खुंटीवरचा आपला एप्रन काढला. सवयीनं पट्टी बांधायला सुप्रिया पुढे झाली, तर त्यांनी तिला खांद्याला धरून पाठमोरं केलं आणि एप्रन तिच्याच अंगावर चढवला. मागून पट्टी ओढली.

"घट्ट झाली?"

"नाही, सर."

शोभा सिस्टरांनी रजिस्टरात नवी ओळ घेतली. पेशंटचं नाव लिहिलं, ऑपरेशन लिहिलं. पुढच्या रकान्याशी पेन थांबलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून विचारलं,

"सर्जन म्हणून कुणाचं नाव लिहू, सर?"