मान हललेली मुलगी

या मित्रांनो, जवळ सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे यावं. माझा आवाज कागदी आहे, लांबवर पोचत नाही. एक गोष्ट सांगतो. ती ऐकून उठाल तेव्हा घरातल्या प्रत्येक जुन्या फोटोकडे मान वाकडी करून बघाल, एवढा शब्द देतो. आरंभी त्या प्रकाश देणाऱ्याला नमस्कार. त्याच्यावाचून माझा जन्मच नाही.

मी एक जुना फोटो आहे. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, तळहाताएवढा, कोऱ्या चहाच्या रंगाचा. माझी आई काचेची. छायाचित्रकाराने एका काचेच्या पाटीला औषध चोपडलं, ते ओलं असतानाच तिला कॅमेऱ्यात बसवून उजेड दाखवला, आणि त्या उजेडाने तिच्यावर एक मुलगी उमटली. मग अंड्याच्या पांढऱ्याने माखलेला माझा कागद त्या पाटीखाली दाबून उन्हात ठेवला. ऊन लागेल तसतसा मी सावळा होत गेलो. पुढे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलं, पुठ्ठ्याच्या पाठीवर छायाचित्रकाराचं नाव छापलं, आणि झालो मी फोटो.

म्हणजे गंमत बघा. जी मुलगी मी जन्मभर अंगावर वागवतो, तिला मी पाहिलेलंच नाही. मी आलो तेव्हा ती केव्हाच घरी गेली होती. आणि आपलं तोंड आपल्याला कुठे दिसतं? माझ्या अंगावर काय आहे हे मला कळायचं ते माणसांच्या बोलण्यातूनच.

माणसं जे बोलत ते असं. एक तरुण मुलगी ताठ उभी आहे. गळ्यापासून पावलांपर्यंत सरळसोट झगा, त्यावर आडवे, रुंद, काळे-पांढरे पट्टे. पट्ट्यांवर चौकोनी ठिगळं. डोक्यावर तारेचा पिंजरा. आणि पिंजऱ्यासकट चेहरा पुसट, ओल्या चित्रावरून कुणी बोट फिरवावं तसा.

सुरुवातीची वर्षं माझी कौतुकात गेली. मखमली आल्बममध्ये पहिल्या पानावर होतो. ती मुलगी स्वतः आई झाली, आजी झाली, तरी मला काढून बघायची आणि एकटीच हसायची. घरातले म्हणत, म्हातारीला काहीबाही आठवत असतं. का हसतेस, असं एकानेही विचारलं नाही. मित्रांनो, विचारावं हो. एका प्रश्नाचा तर खर्च होता.

ती देवाघरी गेली आणि मी कोडं झालो. पाहुणे आले की मला हातोहात फिरवायचे. कुणी म्हणे विदूषक आहे. कुणी म्हणे, गारुड्याची बायको असणार. मलाही तेवढीच उत्सुकता. प्रत्येक नव्या पाहुण्याच्या तोंडाकडे मी आशेने बघायचो, की हा तरी सांगेल माझ्यावर कोण आहे.

मग एका थोरल्या काकांना आठवलं की ती लहानपणी कुठल्याशा बेटावर राहायची. नावेतून जावं लागे, आणि समुद्र खवळला की महिनामहिना येणंजाणं बंद. काका चष्मा पुसत म्हणाले, "बेटावर कोण राहतं? कैदी." झालं. पट्टे कैद्याचे, पिंजरा शिक्षेचा, आणि चेहरा लाजेने फिरवलेला. सगळं कसं चपखल बसलं! चपखल बसलं की माणसं तपासून बघत नाहीत. त्या संध्याकाळी मी आल्बममधून निघालो आणि भिंतीतल्या कपाटामागे जाऊन पडलो. तिथे ओल होती. ओलीने माझ्या पाठीवरचं छायाचित्रकाराचं नाव खाऊन टाकलं.

मी लपलो, पण गोष्ट लपली नाही. त्या मुलीची एक पणती होती. घरात सगळे तिला आत्या म्हणतात. शाळेत पोरं तिला विचारायची, आज पिंजरा घरी विसरून आलीस का? घरात कुणी काही सांडलं, मोडलं, खोटं बोललं, की मोठी माणसं हसत म्हणायची, रक्तातच आहे. थट्टाच ती. पण थट्टा रोज त्याच जागी लागली की तिथे घट्टा पडतो. आत्या मोठी झाली, शिक्षिका झाली, निवृत्तही झाली. तरी कुठे एखादी वस्तू हरवली की ती आधी स्वतःचीच पिशवी उघडून दाखवायची.

मग तिच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, नजरेच्या मधलं हळूहळू जाईल, कडेचं राहील. त्या दिवशी घरी येऊन तिने भाचीकडून कपाट सरकवून घेतलं आणि मला बाहेर काढलं. बऱ्याच काळाने उजेड अंगाला लागला, मित्रांनो. मी शहारलो.

आत्या भाचीला म्हणाली, "हिने काय केलं होतं ते मला कळायला हवं. चोरी केली असली तर चोरी. पण दिसतंय तोवर हिच्या डोळ्यांत बघून सांगायचंय की माझा राग नाही."

भाची म्हणाली, "अगं आत्या, हिचे डोळे पुसटच आहेत."

"माझेही तसेच. जमेल आमचं."

भाचीने मला रुमालात गुंडाळून तसबिरींच्या डॉक्टरणीकडे नेलं. जुने फोटो आणि चित्रं दुरुस्त करणारी ती बाई. सगळी पेठ तिला त्याच नावाने ओळखते. लांबट टेबल, मऊ ब्रश, टिपकागदांची चळत, खिडकीतून येणारा थंड, सारखा उजेड. मला तिने चिमटीतही धरलं नाही. खाली कागद सरकवून तान्ह्या बाळासारखं उचललं. मी तिथेच तिचा झालो.

कैदिणीचं ऐकून ती हसली. तुरुंगात झग्याला झालर लावून देत नाहीत म्हणाली. त्या काळी सोंगं घेऊन जायचे समारंभ असत. लोक फुलं होऊन जात, बुद्धिबळाचा पट होऊन जात. ही मधमाशी असावी. भाचीचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. मधमाशी, तर पंख कुठे? आणि अंगावर ठिगळं कशाला?

डॉक्टरणीलाही ते पटेना. ती म्हणाली, सोंगाचं राहू दे. आत्यांना डोळेच बघायचे आहेत ना, तर मी संगणकावर चेहरा नीट करून देते. मान हलल्यामुळे फोटो बिघडलाय, एवढंच.

तिथेच माझी गोष्ट संपायची, मित्रांनो. माझ्या अंगावरची सगळ्यात मोलाची गोष्ट ती पुसून काढणार होती, तीही मायेपोटी. पण कामाची तिची एक रीत आहे. काही पुसण्याआधी त्याच छायाचित्रकाराचे दुसरे फोटो ती शेजारी मांडून बघते. नाव नव्हतं, पण मागचा रंगवलेला पडदा ओळखीचा होता. तसल्या पडद्यापुढचे फोटो तिच्या कप्प्यात होते. ते तिने ओळीने लावले. वकील, नवरानवरी, बाळाला घेतलेली आई. भिंग फिरू लागलं आणि एकदम थांबलं.

त्या काळी फोटोला बराच वेळ पुतळ्यासारखं उभं राहावं लागे. मान हलू नये म्हणून मागे एक लोखंडी दांडा उभा करत आणि त्याच्या चिमट्यात डोकं अडकवत. माणसाच्या आड दांडा लपे, पण त्याचा पाय बुटांमागून डोकावायचाच. वकिलामागे तो होता. नवरानवरीमागे होता. सगळ्यांमागे होता. माझ्या मुलीमागे मात्र नव्हता. माझ्यात तो दांडा पार कडेला, पडद्याला टेकवून ठेवलेला होता.

"चिमटा त्याने बाजूला नेलाय," डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली. "मुद्दाम."

मग तिने मला पावलांपासून वर वाचलं. झालर स्थिर. पट्टे स्थिर. बोटं स्थिर. फक्त डोकं फिरलेलं, तेही झटक्याने नव्हे, एका लयीत. आणि पिंजऱ्यात आरशांचे तुकडे होते, त्यांनी उजेडाचा एक कमानीसारखा पट्टा ओढलेला. भिंग पुन्हा खाली आलं. ठिगळं एकावर एक वळसा घेत वर चढत होती. सगळ्यांत खाली, झालरीजवळ, एक छोटंसं दार शिवलेलं होतं, कडीसकट.

"अंग जागेवर आणि डोकं फिरतं," ती स्वतःशीच बोलली. "खिडक्या. दार. वर आरसे."

भाचीने खुर्चीचा हात घट्ट धरला. "ती बेटावर राहायची," ती म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आणि मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला कळलं माझ्यावर कोण उभं आहे. दीपगृह. जहाजांना वाट दाखवणारा तो समुद्रातला मनोरा, वर दिवा फिरत असतो ना, तो. बेटावर तुरुंग नसणार. दीपगृह असणार, आणि तिचे वडील त्याचे राखणदार. पोरीने सोंग घेतलं होतं ते आपल्या घराचं.

जाताना डॉक्टरीण म्हणाली, हे काळे पट्टे बहुधा लाल असतील. जुन्या काचेला लाल रंग दिसत नसे, तो काळाच उमटे. मी दचकलो. लाजेचा म्हणून ज्याला आम्ही सगळे भ्यायलो, तो रंग लाल होता! माझ्या काचेच्या आईने जेवढं पाहिलं तेवढंच तिने मला दिलं. पण तिला सगळं दिसत नव्हतं, हे आम्हाला कोण सांगणार?

घरी आल्यावर भाचीने सगळं सांगितलं. आत्या उठली. तिने मला खिडकीपाशी धरलं. समोरून बघितलं की माझा मधला भाग तिला दिसेनासा व्हायचा, म्हणून तिने मान सावकाश एका बाजूला फिरवली, मग दुसऱ्या बाजूला, नजरेच्या कडेने मला शोधत. तिची मान फिरत होती आणि माझ्यावरच्या मुलीचीही.

"लालच असणार," आत्या म्हणाली. मग बराच वेळ हसत राहिली, माझ्या मुलीसारखी, एकटीच. यावेळी भाचीने विचारलं, का हसतेस? आत्या म्हणाली, "अगं, शाळेतल्या पोरांना सांगायचं राहिलं. पिंजरा नव्हता रे तो, दिवा होता."

आता मी भिंतीवर आहे, उन्हापासून आणि ओलीपासून दूर. पाठीवर पेन्सिलीने हलक्या हाताने लिहिलंय, ही कोण, कुणाची, आणि पट्टे लाल. मित्रांनो, तुमच्या घरी माझे भाऊबंद असतील. त्यांना कोरड्यात ठेवा, बोटांनी पुसू नका, आणि ज्यांना त्यांची गोष्ट ठाऊक आहे त्यांना आजच विचारा.

आणि एक मागणं. त्या मुलीला आता आत्या आहे, भाची आहे, तुम्ही आहात. पण एक माणूस होता, ज्याने दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगितलं असेल, हलू नका. आणि एका मुलीसाठी चिमटा बाजूला सरकवून तो म्हणाला असेल, मान फिरव. फोटो बिघडला तर बोल त्यालाच लागणार होता. त्याचं नाव ओलीने खाल्लं; मलाही ते आठवत नाही. कधी अंधारात दिवा फिरताना दिसला, तर त्याची आठवण काढा.