देव्हाऱ्यात बसलेलं झाकण

मित्रांनो, मी विजेवर चालणारा एक रंधा आहे. मला जुना म्हणालात तर चालेल, गंज चढलाय म्हणालात तरी ऐकून घेईन. पण हळ्ळीखेडच्या लोकांसारखं "माणूसखाऊ मशीन" म्हणणार असाल, तर आधी माझी हकीगत पुरती ऐकायची आणि मगच उठायचं.

माझं लोखंड दूरच्या एका कारखान्यात ओतलं गेलं. माझ्या अंगावर दोन पाट आहेत. ते घासून इतके सपाट केले होते, की वर पट्टी उभी ठेवली तर खालून उजेड दिसत नव्हता. दोन पाटांच्या मध्ये एक फट आहे, आणि त्या फटीत पाती बसवलेला रूळ गरगर फिरतो. ज्या बाजूनं लाकूड येतं तो पाट केसभर खाली, पलीकडचा पाट पात्यांच्या बरोबरीत. जेवढा फरक ठेवाल तेवढंच लाकूड मी खातो. वाकडी फळी माझ्यावरून ढकलत नेली की सरळ होऊन बाहेर पडते. एवढंच माझं काम आहे, आणि ते मी आजवर चोख केलं आहे.

मला बिराप्पानं विकत आणलं. त्याचा आजा मेंढरं राखायचा, बाप शेतात राबला, आणि बिराप्पा पोरवयात बसवकल्याणला जाऊन सुतारकाम शिकून आला. मराठी-कानडी बोलणाऱ्या हळ्ळीखेड गावात रस्त्याच्या कडेला त्याचं पत्र्याचं शेड आहे. तिथल्या एका मजबूत टेबलावर मला बसवलं.

माझ्याबरोबर खोक्यातून आणखी तीन वस्तू आल्या होत्या. पहिली म्हणजे माझं लाल झाकण. ते पात्यांवर बसतं, लाकूड आलं की बाजूला सरकतं आणि लाकूड गेलं की आपोआप परत येतं, म्हणजे पाती कधी उघडी राहत नाहीत. दुसरी वस्तू दोन पिवळे ठोकळे, खाली रबर आणि वर मूठ. हातानं लाकूड दाबण्याऐवजी त्यांनी दाबायचं. तिसरी, इंग्रजीतली एक पुस्तिका. काय सांगू तुम्हाला, आठ दिवसांत एक ठोकळा शेजारचा गवंडी "थापी चांगली हाय" म्हणून प्लास्टरला घेऊन गेला! दुसरा बिराप्पाच्या बायकोनं, तानुबाईनं, दार वाऱ्यानं आपटतंय म्हणून दाराखाली सारला. पुस्तिकेवर सरसाचा डबा ठेवला गेला. मला हात असते तर मी कपाळावर हात मारून घेतला असता.

तरी पहिली तीन वर्षं बरी गेली. कामं दारांच्या चौकटींची, लाकडं चार-पाच फूट लांब. लांब लाकडात माणसाचा हात पात्यांपासून दूर ठेवायला जागा असते. बिराप्पाचा हातही मोठा कसबी होता. फळी माझ्यावरून उतरली की तो डाव्या हाताचं पहिलं बोट तिच्यावरून हळूच फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा त्या बोटाला कळायचा. आजूबाजूच्या गावांतले सुतार आपली फळी घेऊन यायचे आणि म्हणायचे, "बिराप्पा, जरा बोट लावून बग की." त्या बोटाचा त्याला अभिमान होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू?

बिराप्पाची मुलगी भाग्यलक्ष्मी आयटीआयमधून सुतारकाम शिकून आली, तेव्हा मला वाटलं, आता आपलं म्हणणं समजणारं कुणीतरी आलं. तिनं सरसाच्या डब्याखालची पुस्तिका काढून वाचली आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत मराठी-कानडीत लिहून भिंतीला लावलं: "फुटाच्या आतला तुकडा मशीनवर धरू नये. झाकण काढू नये. पात्यांना हात लावण्याआधी विजेची पिन काढावी." दुसऱ्या दिवशी बिराप्पानं त्या पुठ्ठ्याच्या खिळ्याला आपला सदरा अडकवला. पालथ्या घड्यावर पाणी!

मग खंडेनवमी आली. माझ्या दुर्दशेची सुरुवात माझ्या पूजेनंच झाली, मित्रांनो. तानुबाई ताट घेऊन आली आणि अडून बसली.

"अवो, तोंड झाकलेल्या मशीनला कुंकू कसं लावू? पूजा पात्याची असती न्हव का? काढा की ते झाकण."

बिराप्पानं स्क्रू पिळून झाकण काढलं. पात्यांना हळदकुंकू लागलं, मला झेंडूची माळ पडली. सगळं छान झालं. पण ते झाकण लाल, गोल, चकचकीत. तानुबाईला ते इतकं आवडलं की तिनं त्यालाही कुंकू लावलं, दोन फुलं वाहिली आणि घरात नेऊन देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकाशेजारी उभं केलं!

दुसऱ्या दिवशी भाग्यलक्ष्मी म्हणाली, "अव्वा, झाकण दे. लावायचंय."

"पुजलेलं हाय ते," तानुबाई म्हणाली. "देव म्हणून बसिवलं, आन आता त्याला भुसा चारायलीस व्हय?"

"अप्पा, तुमी तरी सांगा की."

"ऱ्हाऊ दे गं आठ दिवस," बिराप्पा म्हणाला. "मग लावू."

ते आठ दिवस काही उगवले नाहीत. देव्हाऱ्यात माझ्या झाकणाला रोज उदबत्ती, आणि इथं माझी पाती सताड उघडी. एवढा मान मिळूनही मी मनातून नुसता जळत होतो.

त्यात गाणगापूरहून सुमनबाईचा फोन आला. तिचं तिथं देवळाच्या वाटेवर दुकान आहे. दत्तजयंतीला महाराष्ट्रातून यात्रा लोटते, त्यासाठी तिला शिवणीच्या लाकडाच्या पादुकांचे पन्नास जोड हवे होते. बिराप्पा हरखला. त्यानं शिवणीच्या फळ्या आणल्या आणि सगळ्यात आधी काय केलं? त्यांचे दहा-दहा इंचांचे तुकडे कापून टाकले. अरे देवा! हाती रंधा मारणाऱ्याची ही जुनी सवय. तुकडा शिकंज्यात आवळायचा आणि मग साफ करायचा. हाती रंध्याला ते शोभतं. माझ्यावर दहा इंचाचा तुकडा धरणं म्हणजे बोटं पात्यांच्या दारात नेऊन ठेवणं.

भाग्यलक्ष्मीनं तुकड्यांचा ढीग पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "अप्पा, हे काय केलासा? आधी लांब फळी साफ करायची, मग तुकडे कापायचे."

"फळीत कुठं गाठ निघाली तर? तुकडा निवडून घेतला की वाया जात न्हाई."

"मग हे तुकडे हाती रंध्यानं करा. मशीनवर नको."

"कामून नको? तीस वर्षं झाली मला. तू परवा शिकून आलीस, आन मला शिकवायलीस?"

"हाती रंधा तुमी थांबिवला की थांबतंय, अप्पा. ह्यो थांबत न्हाई."

मी मनातल्या मनात ओरडलो, बाई, खरं बोललीस! बटण बंद केलं तरी माझा रूळ कितीतरी वेळ फिरतच राहतो. पण बिराप्पा हसला. तिनं रद्दी लाकडातून एक नवा ठोकळा करून त्याच्या हातात दिला, तर म्हणतो कसा, "ठोकळ्याला काय दिसतंय? लाकूड माझं बोट बगतंय." आणि ठोकळ्यावर चहाचा पेला ठेवला.

त्यानं पहिला तुकडा साफ केला. दुसरा केला. वीस झाले, तीस झाले, काही झालं नाही. हेच तर वाईट असतं, मित्रांनो! चुकीचं काम तीस वेळा निभावलं की माणसाला ते बरोबर वाटायला लागतं. दर तुकड्याला त्याचं ते बोट माझ्या पात्यांपासून दोन इंचांवरनं जात होतं, आणि मी फिरत होतो. बटण त्याच्या हातात होतं. मला थांबता येत नाही.

पुढच्या एका तुकड्यात बारीक गाठ होती. गाठीपाशी लाकडाची नस, म्हणजे आतली रेषा, उलटी झाली, पाती अडली आणि तुकडा माझ्यावरून उडून मागे भिंतीवर आदळला. वरून दाबणारा हात खाली आला. तिथं झाकण असतं तर त्यानं फटीचा बराचसा भाग झाकला असता. तिथं काहीच नव्हतं. बिराप्पाच्या डाव्या हाताचं पहिलं बोट पहिल्या पेरापर्यंत गेलं.

ते मी कापलं. ते माझ्याच पात्यांनी झालं आणि मी ते नाकारत नाही. भाग्यलक्ष्मीनं धावत येऊन पिन उपसली, बापाचा हात आपल्या ओढणीत आवळला आणि मिळेल त्या टेम्पोनं त्याला हुमनाबादच्या दवाखान्यात नेलं. शेडमध्ये मी एकटा, आणि माझा रूळ हळूहळू थांबत होता.

आता पुढचं ऐका. गावात बोलणं सुरू झालं, "मशीनला बळी पायजे हुता." चोर सोडून संन्याशाला सुळी! कुणी म्हणालं विकून टाक, कुणी म्हणालं हातमोजे घालून काम कर. हातमोजे! अहो, मोज्याचं टोक पात्यांत सापडलं तर बोटाबरोबर अख्खा हात आत ओढला जाईल. तानुबाईनं माझ्यावरून नारळ ओवाळून फोडला, चारी कोपऱ्यांना लिंबू ठेवलं आणि मला पोत्यानं झाकलं. मग घरात गेली आणि देव्हाऱ्यातल्या माझ्या झाकणाला हात जोडून म्हणाली, "बिरोबा, घरधन्याला जप रे बाबा."

ज्यानं जपायचं ते तिच्या समोरच उभं होतं हो! कुंकवाचे थर चढलेल्या त्या झाकणाचं तिथं काय काम होतं? रागानं माझा पट्टा तुटायचा बाकी होता.

दीड महिना मी पोत्याखाली होतो. दत्तजयंती होऊन गेली. सुमनबाईनं फोनवर सांगितलं, "पादुका सावकाश द्या, आधी हात बघा." मग एके सकाळी भाग्यलक्ष्मी देव्हाऱ्यापुढं गेली आणि तिनं झाकण उचललं. तानुबाई ओरडली, "अगं, देव हाय त्यो!"

"व्हय, अव्वा," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "मग देव इथं बसून काय करायलाय? त्याचं काम तिकडं हाय."

तानुबाई नवऱ्याकडं बघायला लागली. बिराप्पा खाटेवर बसला होता, हात मांडीवर ठेवून. मग म्हणाला, "घेऊन जाऊ दे तिला. म्याच काढलं हुतं ते."

तिनं आधी पिन काढली आणि ती काढलेली समोर दिसेल अशी टेबलावर ठेवली. ब्रशनं भुसा झाडला, बोटानं नाही. झाकण बसवलं, तीन वेळा सरकवून परत येतं का ते पाहिलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, ओढणी काढून खुंटीला लावली. फळीत खिळा नाही ना, नस कुठल्या अंगाला आहे, ते पाहिलं. मग चार फुटी अख्खी फळी घेतली, दोन पाटांतला फरक कमी ठेवला, बाजूला उभी राहिली आणि दाराखालून काढलेला पिवळा ठोकळा नि आपण केलेला ठोकळा यांनी दाबत ती फळी माझ्यावरून सावकाश नेली. लाकूड गेलं, झाकण परत आलं. इतक्या दिवसांनी मला धड काम मिळालं होतं.

बिराप्पा शेडच्या दारात येऊन उभा होता. मशीन पूर्ण थांबेपर्यंत तो आत आला नाही. मग फळीजवळ आला आणि सवयीनं डावा हात पुढं केला. उरलेलं बोट फळीवर टेकवलं आणि शेवटापर्यंत नेलं. थांबला. परत पहिल्यापासून नेलं.

"कळंना मला, भाग्या," तो म्हणाला. "काहीच कळंना."

भाग्यलक्ष्मी रडायला लागली. बिराप्पानं तिचा हात धरला, तिचं बोट फळीवर ठेवलं आणि म्हणाला, "घाई करू नको. डोळे मीट आन सांग मला, कुठं उंच लागायलंय?"

मित्रांनो, माझी पूजा करू नका असं मी म्हणत नाही. माळ घाला, कुंकू लावा, पण पूजेला काढलेलं त्याच दिवशी जागेवर बसवा. कारण मला सागवान ओळखता येत नाही, शिवण ओळखता येत नाही आणि बोटही ओळखता येत नाही. पुढं येईल ते मी कापतो. तेव्हा पुढं काय येऊ द्यायचं, ते तुम्हीच बघायचं आहे.