नऊ वाजायच्या आत

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं की हे यंत्र स्वतःची काळजी स्वतःच घेतं. केर काढतं, फरशी पुसतं, मग भिंतीलगतच्या आपल्या ठाण्यावर जाऊन पोटातला केर पिशवीत रिकामा करतं, आपली फडकी आपणच धुतं आणि गरम वाऱ्यावर वाळवतं. तुम्ही फक्त आरामात बसा. ज्या शहाण्यानं हे छापलं, त्याला आठवडाभर आइली कांगसच्या घरी आणून ठेवायला हवं होतं. मग कळलं असतं त्याला, कोण आरामात बसतं ते.

आइली सत्त्याहत्तर वर्षांची. उत्तर मिनेसोटातल्या ऑरोरा या खाणीच्या गावात जन्मली, तिथंच लग्न झालं, तिथंच नवरा गेला. फेब्रुवारीत टपालपेटीपाशी बर्फावर घसरून तिचं उजवं मनगट मोडलं, आणि मुलगी रॉन्डा मिनियापोलिसहून साडेतीन तास गाडी हाकत आली. येताना दोन गोष्टी घेऊन आली. एक हे यंत्र, आणि दुसरं 'लार्च कोर्ट' नावाच्या म्हाताऱ्या माणसांच्या वसाहतीचं गुळगुळीत माहितीपत्रक.

"आई, सरळ सांगते," रॉन्डा म्हणाली. "तुला इथं एकटीनं राहायचं असेल, तर गुडघ्यावर बसून फरशी पुसणं आजपासून बंद. परत पडलीस तर उचलायला कोण आहे इथं? हे रोज नऊला आपोआप निघेल. तू हात लावायचा नाहीस. जमलं तर राहा. नाही जमलं तर तिथली खोली."

त्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा होता. शनिवारचा सौना, म्हणजे गरम वाफेचं स्नान, नव्हता. आणि आइलीचा माग त्या खोलीच्या दारातूनही आत गेला नसता. त्या मागावर ती गेली चाळीस वर्षं, जुन्या चादरींच्या, नवऱ्याच्या फाटक्या शर्टांच्या सतरंज्या विणत आली होती. माग नाही तर दिवसभर करायचं काय, खिडकीतून दुसऱ्यांच्या गाड्या मोजायच्या? हे सगळं तिच्या मनात आलं. तोंडानं ती म्हणाली, "बरं." फिनलंडहून येऊन तिकडे वसलेल्या आइलीच्या माणसांत एवढं म्हणजे पुष्कळ बोलणं झालं.

तर यंत्र राहिलं.

पहिल्याच दिवशी त्यानं स्वयंपाकघरातल्या निळ्या सतरंजीच्या दशा गिळल्या आणि 'मी अडकलो आहे, मला मदत करा' असं गोड आवाजात ओरडत बसलं. आइलीनं एका हातानं, कात्रीनं, अर्धा तास खपून त्याला सोडवलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं घरातल्या बाराच्या बारा सतरंज्या सकाळी गुंडाळून पलंगावर ठेवायला सुरुवात केली. मग खुर्च्या टेबलावर उलट्या. मग दिव्याची वायर वर. मग त्याला पाणी हवं. 'स्वच्छ पाण्याची टाकी भरा.' ती भरते न भरते तोच 'घाण पाण्याची टाकी रिकामी करा.' ब्रशात केस अडकले, ते काढा. डोळा मळला, तो मऊ कापडानं पुसा. फडकी स्वतः धुतं म्हणे, पण धुवून झालेली घाण ठाण्याच्या तळाशी साचते ती कोण खरवडणार, तर आइली. एकदा ते सौनाबाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत शिरलं आणि बाकाखाली मान घालून बसलं. तिनं काठीनं ढोसून बाहेर काढलं तर म्हणालं, 'नकाशा हरवला आहे.'

"घरजावई परवडला," ती शेजारच्या वेंडेलला म्हणाली. वेंडेल तिच्या दारातला बर्फ काढायचा आणि त्या बदल्यात कॉफी प्यायचा. "तो निदान आपली कॉफी आपण ओतून घेतो."

"एक विचारू?" वेंडेल म्हणाला. "तुमच्या दोघांत कामाला कोण आहे?"

"गप पी."

हे सगळं तिनं सोसलंही असतं. पण आठवड्याभरानं फोनवर बोलता बोलता रॉन्डा सहज म्हणून गेली, "काल चुलीपुढे बराच केर होता ना गं? माझ्या फोनवर नकाशा येतो घराचा. जिथं केर जास्त तिथं लाल दिसतं. चुलीपुढे नुसतं लालेलाल होतं."

आइलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बटाटे तळताना त्यांचे तुकडे उडाले होते, हे तिला माहीत होतं. पण ते साडेतीन तासांवर बसलेल्या लेकीला दिसावेत? कदाचित जावयाला, क्रेगलाही? कदाचित तो ऑफिसात चार लोकांना दाखवत असेल, बघा, आमच्या सासूबाईंची चूल. आइली ज्या घरात वाढली, तिथं घर साफ करायला कुणी यायचं असेल तर आधी आपण घर साफ करायचं, अशी रीत होती. तिच्या आईच्या बाळंतपणात मदतीला बाई ठेवली होती, तर ती यायच्या आत आई अवघडल्या अंगानं उठून भांडी घासायची. आपली घाण दुसऱ्याच्या नजरेला पडू देणं म्हणजे उघड्यानं रस्त्यावर जाणं. मग ते दुसरं माणूस असो की डबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आइली जुना टॉवेल घेऊन गुडघ्यावर बसली. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्यानं. चुलीपुढून सुरुवात करून टेबलाखालून, कपाटाच्या कडेकडेनं, दारापर्यंत. मग कोरड्या कापडानं परत एकदा. उठताना सिंकचा कठडा धरावा लागला आणि कमरेतून कळ आली, पण फरशी अशी निघाली होती की कुणी बघावी. नऊला यंत्र निघालं, सगळ्या घरभर फिरलं आणि परत आलं. घाण पाण्याची टाकी तिनं खिडकीशी धरून पाहिली. पाणी नितळ होतं.

"काढ आता नकाशा," ती यंत्राला म्हणाली.

मग हे रोजचंच झालं. वेंडेलनं एकदा खिडकीतून तिला ओणवं बघितलं आणि तसाच निघून गेला. नंतर कॉफी पिताना एवढंच म्हणाला, "माझ्या तोंडून जायचं नाही."

इकडे रॉन्डाचे फोन वाढले. आधी रविवारी यायचा, आता दिवसाआड यायला लागला.

"आई, आज काय जेवलीस?"

"जेवले की."

"हो, पण काय?"

"जेवण."

आता ही पोर असं का विचारते? आइलीनं विचार केला आणि तिला वाटलं, हिला कुठला तरी कण दिसलेला दिसतोय. कशाचा ते शोधून काढतेय. मग तिनं बटाटे तळणं सोडलं. पाव टेबलाशी बसून खायचं सोडलं आणि सिंकवर वाकून खायला लागली, म्हणजे चुरा थेट सिंकच्या नळीत. वेंडेलचे बूट दारात निघायचेच, आता त्याला कॉफीसुद्धा दारातच उभ्यानं मिळायला लागली. स्वतःच्याच घरात ती चोरासारखी वावरत होती आणि चिडचिड सगळी त्या यंत्रावर काढत होती. मेलं रोज नवं काहीतरी मागायचं, आणि बदल्यात चुगल्या करायचं.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी साडेआठला रॉन्डाची गाडी दारात उभी राहिली. न कळवता. म्हणजे पहाटे पाचला निघाली असणार. आत आली, बूट काढले, कोट तसाच अंगावर ठेवून तिनं फ्रिज उघडला. बटाट्याचं सूप होतं, भाजलेला मासा होता, वेलदोडा घालून वेणीसारखा वळलेला पाव अर्धा उरला होता.

"फ्रिज भरलेलाच आहे," रॉन्डा म्हणाली. "तू काही खातच नाहीस."

"खाते."

"मग केर कुठाय?"

आइलीला प्रश्नच कळला नाही.

"पाच आठवडे," रॉन्डा म्हणाली. तिनं फोन टेबलावर आपटला. "पाच आठवडे तुझ्या स्वयंपाकघरात एक कण नाही पडला. एक तांबडा ठिपका नाही. जेवणाऱ्या माणसाच्या घरात असं असतं? सिल्वी लेहटो आठवते ना तुला? कॉफी आणि कोरड्या बिस्किटांवर राहत होती, कुणाला पत्ता नव्हता. सापडली तेव्हा केवढीशी झाली होती. मी रोज सव्वानऊला फोन उघडते आणि एक तरी लाल ठिपका शोधत बसते, आई. रोज." तिनं पिशवीतून कागद काढले. "लार्च कोर्टची खोली रिकामी झालीय. सोमवारी दुपारपर्यंत कळवायचंय. तिथं निदान तीन वेळा ताट तरी समोर येईल तुझ्या."

आइली कागदांकडे बघत राहिली. आपण कुठल्या खोड्यात पाय घातलाय, ते तिला आता दिसलं. जेवत नाही म्हणावं, तर एकटीनं राहायला लायक नाही. जेवते म्हणावं, तर चुरा कुठं गेला ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की दिलेला शब्द मोडला. दोन्हीकडून खोलीच. पण लेकीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ही पोर पाच आठवडे झोपलेली नाही, आणि कशापायी, तर आपली फरशी चकचकीत आहे म्हणून. आइलीला स्वतःचा इतका संताप आला की मनगट ठणकायला लागलं.

"मी पुसते," ती म्हणाली.

"काय?"

"फरशी. यंत्र निघायच्या आधी. रोज सहाला."

"कशानं?"

"टॉवेलानं."

"गुडघ्यावर?"

"मग काय उडत पुसू?"

रॉन्डा खुर्चीत बसली. तिचा चेहरा आधी सैल पडला आणि मग लाल झाला. "मोडलेल्या हातानं, आई?"

"डाव्यानं."

"तू मला शब्द दिला होतास. आणि इथं एकटी, सकाळी सहाला, ओल्या फरशीवर. पाय सरकला असता तर? यंत्र मी कशाला आणलं? शोभेला?"

"माझी घाण तुला दिसत होती."

"मग दिसली तर दिसली. मी तुझी मुलगी आहे." रॉन्डानं टेबलावरचा आइलीचा कॉफीचा कप उचलला, बोलता बोलता हात फिरवला, आणि अर्धी कॉफी फरशीवर सांडली. तेवढ्यात नऊ वाजले. ठाण्यातून टिंग असा आवाज आला, 'साफसफाई सुरू करत आहे' असं म्हणत यंत्र बाहेर निघालं आणि हळूहळू स्वयंपाकघराकडे वळलं.

"तू ना, कुणाचं ऐकून घेणारीच नाहीस," रॉन्डा म्हणत होती. "बाबा होते तेव्हाही हेच. डॉक्टर सांगतो, मी सांगते, पण नाही." आणि हे म्हणत म्हणतच तिनं सिंकवरचं फडकं ओढलं, कोटासकट खाली बसली आणि कॉफी पुसायला लागली. घाईघाईनं. यंत्र उंबऱ्याशी आलं होतं. तिनं कपाटाच्या कडेचा एक थेंब पुसला, टेबलाखाली हात घालून आणखी एक पुसला, आणि मग तिचा हात थांबला.

आइली वरून बघत होती. ती हसली नाही.

यंत्र रॉन्डाच्या गुडघ्याला येऊन टेकलं, जरा मागं झालं आणि वळसा घालून पुढं गेलं.

"घरीही असंच करतेस?" आइलीनं विचारलं.

रॉन्डानं ओल्या फडक्याची घडी केली. "आमच्याकडे गुरुवारी बाई येते साफसफाईला," ती शेवटी म्हणाली. "बुधवारी संध्याकाळी मी बाथरूम घासते. क्रेगला वाटतं मी व्यायाम करते."

"ऊठ. फरशी गार आहे."

रॉन्डा उठली नाही. फडकं मांडीवर घेऊन तिथंच बसली आणि रडायला लागली, आणि आइलीला काय करावं ते सुचेना. त्यांच्यात कुणी उठून मिठ्या मारत नाही. तिनं पाव कापला, जाड तुकडा, वर लोणी, आणि बशी लेकीच्या शेजारी जमिनीवरच ठेवली.

रविवारी दुपारी निघताना रॉन्डानं कागद पिशवीत परत घातले, पण फाडले नाहीत. "सोमवारी नऊला बघते," ती म्हणाली. "मला केर दिसला पाहिजे आई. खरा. जेवणाचा. आणि टॉवेल मी घेऊन चाललेय."

सोमवारी सकाळी आइली सहाला उठली. कॉफी केली. पाव भाजला आणि टेबलाशी बसून खाल्ला. चुरा पडला. काही मांडीवर, काही खुर्चीवर, बाकीचा फरशीवर. तिनं खाली बघितलं आणि तिच्या अंगावर काटा आला. साडेसहा झाले होते. घरात चादरी होत्या, पडदे होते, पुसायचं म्हटलं तर कशानंही पुसता आलं असतं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले, प्लास्टरसकट, आणि बसून राहिली. सात वाजले. वेंडेल येऊन डोकावला, फरशीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि "बरी आहेस ना?" असं विचारून उत्तराची वाट न बघता गेला. आठ वाजले. एक मोठा तुकडा तिच्या टाचेजवळ होता. नवऱ्याच्या शेवटच्या आजारातसुद्धा तिला तास एवढे लांब वाटले नव्हते.

नऊला यंत्र निघालं. तुकडा उचलला, चुरा उचलला, टेबलाखाली दोनदा फिरलं. सव्वानऊला फोन वाजला.

"दिसला," रॉन्डा म्हणाली.

"किती?"

"पुष्कळ. टेबलाखाली सगळं लाल आहे."

लाजेनं आइलीचं तोंड उतरलं. फोन ठेवून द्यावासा वाटला.

"मी त्यांना नको म्हणून कळवतेय," रॉन्डा म्हणाली. "ती खोली."

आइली फोन धरून उभी राहिली. तिला खूप आनंद झाला होता, आणि एवढा आनंद घेऊन काय बोलतात ते तिला माहीत नव्हतं. "बरं," ती म्हणाली. पलीकडे रॉन्डा अजून होती, तिचा श्वास ऐकू येत होता. एवढ्यानं आज भागायचं नाही, हे आइलीला कळलं.

"पाव खाल्ला," ती म्हणाली. "दोन तुकडे. लोणी लावून."

"हो?"

"उद्या मासे तळणार आहे. तेल उडेल बरं का. बघून घाबरू नकोस."